मीटर घेतलंस, आता जरा ऐक

अगं, आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड मिळाल्याबरोबर फ्रीगंजातून ऑटोरेंज मल्टिमीटर आणलंस, तेही हजाराच्या आत. चांगलं केलंस. स्वस्तातलं म्हणून नाकं मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. रेंज निवडत बसायला नको, सेल असो की सॉकेट, ते आपलं आपण जमवून घेतं. आकडेही बरे येतात. घरच्या फिटिंगला, पंख्या-मिक्सरच्या दुरुस्तीला एवढं पुष्कळ झालं.

त्याला घाई मात्र चालत नाही. प्रोब टेकवलास की आकडा स्थिरावेपर्यंत थांब. बीपही थोडा उशिराच येतो.

जुन्या वाड्यात काम करशील तेव्हा बटण बंद असूनही वायरीवर साठ-सत्तर व्होल्ट दिसतील. घाबरू नकोस, पण सोडूनही देऊ नकोस. मीटरचा आतला रोध 10 मेगाओहमच्या आसपास असतो, त्यामुळे शेजारच्या फेजमधून झिरपणारी एवढीशी वीजही ते दाखवतं. तिथे टेस्ट लॅम्प जोडून पुन्हा माप. झिरपलेली असेल तर आकडा कोसळतो. आणि 'ट्रू आरएमएस' लिहिलेलं नसेल, तर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरचे खरे 230 व्होल्ट ते 255 दाखवेल. गिऱ्हाइकाला इन्व्हर्टर बिघडलाय असं सांगून मोकळी होऊ नकोस.

आता मला खरी काळजी आहे त्याबद्दल. प्रोब काढून ठेव, मागचे स्क्रू खोल आणि फ्यूज बघ. काचेची बारीक नळी आणि आत केसासारखी तार दिसली, तर पुढे छापलेल्या 'कॅट III 600 व्होल्ट'वर विसंबू नकोस. मोठ्या शॉर्टमध्ये काचेचा फ्यूज फुटतो आणि आतली ठिणगी विझत नाही. चांगल्या मीटरमध्ये वाळू भरलेला सिरॅमिकचा जाड फ्यूज असतो. 10 अँपिअरच्या भोकाशेजारी 'अनफ्यूज्ड' लिहिलं असेल, तर तिथे फ्यूजच नाही. लाल प्रोब त्यातच राहिला आणि तू सॉकेटचे व्होल्ट बघायला गेलीस, की सरळ शॉर्ट.

2028च्या सिंहस्थासाठी क्षिप्रेकाठी तात्पुरत्या लायनी पडतील, शिकाऊ मुलामुलींनाही कामं मिळतील. तू जरूर जा. पण पॅनेलवर, खांबाच्या जोडणीवर हे मीटर लावू नकोस. ठेकेदाराकडे नामांकित मीटर माग, लाजू नकोस. आणि कुठलीही वायर मेलीय असं मानण्याआधी मीटर चालू सॉकेटवर तपास, मग त्या वायरीवर, मग परत चालू सॉकेटवर. सेल उतरला असला तरी ते तिथेच कळतं.

घरासाठी हे मीटर उत्तम, पॅनेलसाठी नाही. आज संध्याकाळीच त्या 10 अँपिअरच्या भोकावर इन्सुलेशन टेप लावून टाक.