सावलीचे माप

राजूर हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील गाव. टेकडीवरील राजुरेश्वर गणपतीमुळे त्याचे नाव दूरवर माहीत आहे. चतुर्थीला तेथे यात्रेकरूंची दाटी होते. परंतु ही हकिकत देवळातली नाही. ती गावातील एका वृद्ध गृहस्थांच्या परसातली आहे.

त्या परसात एक जुना कडुनिंब होता. तो पार वाळून गेला होता. सोसाट्याचा वारा सुटला की त्याच्या फांद्या कडाकडा मोडून पडत. अखेर तो तोडण्याची रीतसर परवानगी मिळाली. पण तो पाडावयाचा कोणीकडे? एका बाजूस विहीर, दुसरीस विजेच्या तारा, तिसरीस शेजाऱ्यांचा गोठा. मोकळी जागा काय ती घराच्या दिशेला; आणि बुंध्यापासून घराची भिंत होती अकरा मीटर पन्नास सेंटिमीटरांवर. झाड याहून उंच असेल, तर त्याचा शेंडा थेट घरावर येणार!

लाकूडतोड्या म्हणाला, "आबा, पस्तीस फुटांच्या वर नाही हे झाड. बेलाशक पाडू." आबांचे मन मानीना. त्यांनी समोरच्या शाळेतील गुरुजींना विचारले, आणि गुरुजी सातवीच्या मुलांना घेऊन परसात आले.

जानेवारीची अखेर होती. ऊन लख्ख पडले होते. मुलांनी एक मीटर लांबीची सरळ काठी सपाट जमिनीवर उभी केली. ती तिरपी राहू नये म्हणून दोऱ्याला दगड बांधून ओळंबा धरला. काठीची सावली भरली १.२५ मीटर. सावलीच्या टोकाशी एका मुलीने खूण म्हणून खडा ठेवला. तेव्हा सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे झाली होती. झाडाची सावली मोजण्यास वर्गातील पट्टी पुरेना. म्हणून दोघे जण गवंड्याकडे टेप आणावयास धावले. गवंडी कामावर गेलेला. टेप हाती येईपर्यंत अकरा वाजत आले. मग बुंध्याच्या मध्यापासून शेंड्याच्या सावलीपर्यंत अंतर मोजले. ते १३ मीटर भरले.

हिशोब सोपा होता. १.२५ मीटर सावली एक मीटर उंचीची, तर १३ मीटर सावली किती उंचीची? १३ भागिले १.२५, म्हणजे १०.४ मीटर. पस्तीस फुटांहून किंचित कमीच! लाकूडतोड्याचा अंदाज खरा ठरला असे वाटून त्याने कुऱ्हाड उचललीदेखील.

इतक्यात ती मुलगी ओरडली, "गुरुजी, सावली खड्यापाशी नाही!"

खरेच, काठी जागच्या जागी होती, पण तिची सावली आखडून खड्याच्या बरीच आत आली होती. मुलांनो, चूक कोठे झाली ते तुमच्या ध्यानात आले असेल. भागाकार बिनचूक होता; पण काठीची सावली एका वेळेची आणि झाडाची सावली दुसऱ्या वेळेची होती. मधल्या चाळीस मिनिटांत सूर्य वर चढला होता. सूर्य आपल्यापासून इतका दूर आहे की, त्याचे किरण एकमेकांस जवळजवळ समांतर असतात. म्हणून एका क्षणी, सपाट जमिनीवर, काठी, माणूस, झाड या सर्वांच्या उंचीचे सावलीशी प्रमाण एकच असते. क्षण बदलला की प्रमाणही बदलते. मे महिन्यात २० तारखेच्या सुमारास तर राजूरला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. त्या वेळी कशाची उंची मोजणार?

मग मुलांनी दोन तुकड्या केल्या. एक काठीशी, एक झाडाशी. गुरुजींनी "आता!" म्हणताच दोन्हीकडे एकदम खुणा झाल्या. काठीची सावली नेमकी काठीएवढी, एक मीटर होती. झाडाची होती १२.८ मीटर. म्हणजे झाडाची उंची १२.८ मीटर! ते पाडले असते, तर सव्वा मीटरहून अधिक शेंडा आबांच्या घरावर आला असता. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी मुलांना गुळशेंगदाणे दिले.

हे गणित आपल्याकडे फार जुने आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'त सावल्यांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. जालन्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला होता. तसा शिलालेखच तेथे आहे. त्या प्रकरणात सूर्याऐवजी दिवा घेतलेले एक उदाहरण आहे. दिवा जवळ असतो, म्हणून त्याच्या उजेडात काठी जसजशी दूर न्यावी तसतशी सावली लांबते. बारा अंगुळांच्या काठीची सावली आधी आठ अंगुळे पडली. काठी दोन हात, म्हणजे अठ्ठेचाळीस अंगुळे, आणखी दूर नेल्यावर ती बारा अंगुळे झाली. एवढ्यावरून, दिव्याच्या तळाशी न जाता, दिव्याची उंची साडेसहा हात निघते. कशी, ते घरी आकृती काढून पाहा. एक हात म्हणजे चोवीस अंगुळे, हे विसरू नका.

कडुनिंब अखेर वरून खाली, फांद्या दोराने बांधून, तुकड्यातुकड्यांनी उतरविला गेला. मुलांनी शेंड्यापासूनच्या खोडाचे सर्व तुकडे मोजून बेरीज केली, खाली उरलेला खुंटही धरला. एकूण भरले १२ मीटर ७० सेंटिमीटर. उरलेले दहा सेंटिमीटर कोठे गेले, यावर दोन दिवस वाद चालला. कोणी म्हणे, करवतीच्या भुशात गेले. कोणी म्हणे, सावलीचे टोक नेहमीच पुसट असते, तेथे खूण करताना बोटभर इकडेतिकडे झाले. गुरुजींच्या मते दोघांचेही थोडेथोडे बरोबर होते.