वार्षिक शुल्काचे क्रेडिट कार्ड : ठेवावे की परत करावे?

बंगळुरूच्या जुन्या पेठेत, रेशमी साड्यांच्या दुकानांनी गजबजलेल्या चिकपेटेत आणि तिला लागून असलेल्या नगरथपेटेत, कन्नडच्या जोडीने मराठीही सहज कानावर पडते. शिलाईच्या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या असलेला भावसार क्षत्रिय समाज येथे जुना आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून देशभर पसरलेले गलाई व्यावसायिकही येथे आढळतात. जुने दागिने वितळवून सोने शुद्ध करणे हा त्यांचा व्यवसाय. रतीभर सोन्याची घट ज्याच्या नजरेतून सुटत नाही, अशा व्यावसायिकाच्या पाकिटात मात्र चार-चार क्रेडिट कार्डे असतात आणि त्यांपैकी प्रत्येकापोटी वर्षाला किती रक्कम जाते, हे त्यास चटकन सांगता येत नाही. ही स्थिती केवळ चिकपेटेतील नाही. तथापि हिशेबाच्या सोयीसाठी अशाच एका काल्पनिक गलाई दुकानदाराचे उदाहरण येथे घेतले आहे.

कार्डासाठी वर्गणी आकारण्याची प्रथा कार्डाइतकीच जुनी आहे. १९५० साली अमेरिकेत सुरू झालेला डायनर्स क्लब आपल्या सभासदांकडून वार्षिक वर्गणी घेत असे. भारतात १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने ‘सेंट्रलकार्ड’ आणले, तेव्हा कार्ड बाळगणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. आता तशी स्थिती राहिलेली नाही. आजन्म विनाशुल्क कार्डे उपलब्ध असताना शुल्काचे कार्ड का ठेवावे, हा प्रश्न प्रत्येक ग्राहकाने वर्षातून एकदा तरी स्वतःस विचारणे योग्य ठरते.

समजा, या दुकानदाराकडे चार कार्डे आहेत. पहिले २००९ सालचे, वार्षिक शुल्क ४९९ रुपये, फारसे वापरात नाही. दुसऱ्याचे शुल्क ९९९ रुपये असून त्यावर खर्चाच्या एक टक्का मूल्याचे गुण मिळतात. वर्षाला दोन लाख रुपये खर्च झाल्यास हे शुल्क माफ होते. तिसरे विनाशुल्क आहे आणि अर्धा टक्का परतावा देते. चौथे प्रवासी सवलतींचे, शुल्क २,९९९ रुपये. या रकमांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. करासह हे आकडे अनुक्रमे सुमारे ५८९, १,१७९ आणि ३,५३९ होतात. म्हणजे वर्षाकाठी ५,३०० रुपयांहून अधिक रक्कम केवळ कार्डे खिशात ठेवण्यापोटी जाते.

दुसऱ्या कार्डाचा हिशेब सर्वांत उद्‌बोधक आहे. ग्राहक सामान्यतः असा विचार करतो : वर्षाला १,७०,००० रुपये खर्च केले, एक टक्क्याने १,७०० रुपये मिळाले, शुल्क १,१७९ रुपये गेले, तरीही ५२१ रुपयांचा लाभ झाला. हा विचार सदोष आहे. तोच खर्च विनाशुल्क कार्डावर केला असता तर ८५० रुपये मिळालेच असते. म्हणजे शुल्काच्या कार्डाने मिळवून दिलेली जादा रक्कम ८५० रुपयांचीच, आणि ती मिळवण्यासाठी १,१७९ रुपये मोजले. प्रत्यक्षात ३२९ रुपयांचा तोटा झाला. तुलना रोखीशी न करता हाताशी असलेल्या दुसऱ्या कार्डाशी करावयाची असते.

मात्र खर्च दोन लाखांवर गेला तर चित्र पालटते. शुल्क माफ होते आणि विनाशुल्क कार्डापेक्षा हजार रुपये अधिक मिळतात. मग उरलेले तीस हजार खर्च करण्यासाठी नवा दूरचित्रवाणी संच घ्यावा काय? १,१७९ रुपये वाचवण्यासाठी गरज नसताना तीस हजार खर्चणे यास काटकसर म्हणता येणार नाही. परंतु जो खर्च होणारच आहे, उदाहरणार्थ मुलांची शाळेची फी, वाहनाचा विमा किंवा लग्नसराईतील साड्यांची खरेदी, तो या कार्डाकडे वळवणे शहाणपणाचे. अर्थात घरभाडे, इंधन, वॉलेटमध्ये भरलेली रक्कम आणि काही कार्डांवर विम्याचा हप्ताही शुल्कमाफीसाठी किंवा गुणांसाठी धरला जात नाही. तेवढी अट आधी वाचावी. शिवाय हे वर्ष बहुधा जानेवारी ते डिसेंबर असे नसून कार्ड ज्या महिन्यात मिळाले तेथून मोजले जाते.

चिकपेटेसारख्या बाजारात आणखी एक बाब आड येते. ‘कार्ड असेल तर दोन टक्के जास्त’ असे घाऊक दुकानात सांगितले गेले, तर एक टक्का गुणांचा आनंद तेथेच संपतो. अशा ठिकाणी कार्ड न काढणेच बरे. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. त्यामुळे दुकानातील क्यूआर फलकावरूनही कार्डाचा वापर शक्य झाला आहे, हेही हिशेबात घ्यावे.

चौथ्या कार्डाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. विमानतळावरील विश्रामकक्षाची सवलत उत्तमच. पण ज्याचा प्रवास राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसने मिरजेपर्यंत आणि पुढे एस. टी. ने गावापर्यंत, त्याला तिचा उपयोग शून्य. असे कार्ड परत करावे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. जो ग्राहक देयकाची पूर्ण रक्कम दरमहा न भरता केवळ किमान रक्कम भरतो, त्याने वार्षिक शुल्काचा विचार तूर्त बाजूस ठेवावा. दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले, तर ५०,००० रुपयांच्या थकबाकीवर वर्षाला २१,००० रुपये व्याज होते, करवेगळे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरवले होते. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा त्या मर्यादेचा आधार आता नाही. प्रथम थकबाकी फेडावी, मग शुल्काचे पाहावे.

राहिले पहिले, २००९ सालचे कार्ड. सोळा-सतरा वर्षांत त्याने ५८९ रुपयांचेही काम एखाद्या वर्षी केले नसेल. तरीही ते घाईने बंद करू नये, कारण हा दुकानदार भाड्याचा गाळा विकत घेण्यासाठी कर्जाचा अर्ज करणार आहे. सिबिलसारख्या पतमाहिती संस्था ३०० ते ९०० या श्रेणीत जे पतगुण देतात, त्यांत खात्यांचे वय आणि मंजूर मर्यादेच्या तुलनेत होणारा वापर या दोहोंचा विचार होतो. चारही कार्डांची मर्यादा मिळून चार लाख आणि देयकातील रक्कम साठ हजार असेल, तर वापर १५ टक्के दिसतो. एक लाख मर्यादेचे चौथे कार्ड बंद केल्यास तो २० टक्के होतो. दीड लाख मर्यादेचे पहिले कार्डही सोबत बंद केले, तर एकदम ४० टक्के. हा वापर साधारणतः ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असे सांगितले जाते. खर्चात एक रुपयाची वाढ नसता ऐन अर्जाच्या वेळी गुण उतरावेत आणि गाळ्याच्या कर्जाचा दर वाढावा, हे ५८९ रुपयांच्या बचतीसाठी परवडणारे नाही.

अशा वेळी मधला मार्ग असतो. त्याच बँकेच्या विनाशुल्क प्रकारात कार्ड बदलून देण्याची विनंती करावी. पुष्कळदा ती मान्य होते. न झाल्यास एक वर्षाचे शुल्क भरून कर्जाची रक्कम हाती येईपर्यंत थांबावे. जुने कार्ड अगदीच निष्क्रिय ठेवू नये. वर्षाहून अधिक काळ न वापरलेले कार्ड, ग्राहकास कळवून आणि तीस दिवसांत उत्तर न आल्यास, बंद करण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत करण्यात आली. दोन-तीन महिन्यांतून एकदा बेस्कॉमचे वीजबिल त्यावर भरले तरी पुरे.

कार्ड बंद करणे म्हणजे ते कात्रीने कापून टाकणे नव्हे. ही चूक फार महाग पडते. कार्डाचे तुकडे केराच्या टोपलीत जातात, खाते मात्र चालूच राहते. पुढील वर्षी ५८९ रुपयांचे शुल्क लागते, देयक जुन्या पत्त्यावर किंवा न उघडल्या जाणाऱ्या ई-मेलवर जाते, त्यावर विलंब आकार आणि व्याज चढते, आणि काही वर्षांनी कर्जाच्या अर्जाच्या वेळी पतअहवालात थकबाकीदार म्हणून नाव निघते. म्हणून आधी जमलेले गुण वापरून घ्यावेत, कार्डास जोडलेल्या विमा, मोबाइल इत्यादींच्या स्थायी सूचना अन्यत्र वळवाव्यात, देयकात अद्याप न आलेल्या व्यवहारांसह सर्व रक्कम भरावी आणि मग बँकेच्या ग्राहक सेवा केंद्राकडे, संकेतस्थळावर किंवा ई-मेलने विनंती नोंदवावी. विनंतीचा क्रमांक जपून ठेवावा. त्याच निर्देशांनुसार येणे बाकी नसताना सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हावयास हवे. त्यापुढील प्रत्येक दिवसाकरिता ग्राहकास ५०० रुपये देण्याची जबाबदारी बँकेवर येते. बँकेने शुल्कात वाढ केल्यास किमान एक महिना आधी कळवणे बंधनकारक असून, वाढ मान्य नसल्यास ग्राहकास जादा आकार न देता कार्ड परत करता येते.

या उदाहरणातील दुकानदाराने चौथे कार्ड आताच परत करावे, दुसऱ्यावर शाळेची फी व विमा भरून दोन लाखांचा टप्पा गाठावा, तिसरे आहे तसे ठेवावे आणि पहिल्याचा निर्णय गाळ्याचे खरेदीखत झाल्यावर घ्यावा. चौथे कार्ड बंद झाल्याचे बँकेचे पत्र आल्यानंतर महिन्याभराने पतअहवाल मागवून तेथे ‘बंद’ अशी नोंद झाल्याची खात्री करावी. प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो.