पेरणीसाठीं राखलेलें बी : घाटावरील सूर्यफूल व आमचें भात

आमचें आयुष्य महसुली दफ्तरांत गेलें. कोणत्या जमिनींत कोणतें पीक व किती क्षेत्र, हें गाव नमुना बारांत वर्षानुवर्षें लिहिलें. परंतु त्या पिकाचें बी घरच्या कणगींतून आलें कीं दुकानांतून, हें लिहिण्यास त्या नमुन्यांत रकाना नाहीं. नोकरींतून मोकळे होऊन स्वतः शेत पाहूं लागल्यावर कळलें कीं, कुणब्याचें वर्ष ज्यावर उभें राहतें तो रकाना हाच. म्हणून बी राखण्याची रीत घाटावर कशी बदलली व तीवरून आम्हां म्हसळे तालुक्यांतील भात पिकविणारांनीं काय घ्यावें, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

सूर्यफुलाचा धडा

तेलासाठीं सूर्यफुलाची लागवड आपल्या देशांत १९६९ च्या सुमारास रशियांतून आणलेल्या पेरेडोविक, आर्माविर्स्की इत्यादि जातींनीं सुरू झाली. ह्या जाती साध्या, म्हणजे संकरित नसलेल्या होत्या. त्यांचें निवडक बी घरीं राखतां येण्याजोगें होतें. अडचण एवढीच कीं, सूर्यफुलाचा पराग मधमाशा वाहतात, आणि माशीस शेताचा बांध कळत नाहीं. शेजारच्या निराळ्या जातीचा पराग येऊन बियांत भेसळ होते. म्हणून शुद्ध बियाण्याचें शेत दुसऱ्या सूर्यफुलापासून शेंकडों मीटर दूर ठेवावें लागतें. लहान लहान तुकड्यांच्या शेतकऱ्यास हें साधणें कठीण.

पुढें १९८० मध्यें बंगळूरच्या कृषि विद्यापीठानें बीएसएच-१ ही आपल्या देशांतील पहिली संकरित जात प्रसारित केली, आणि लातूर, सोलापूर, धाराशिव या भागांतही संकरित बियाणें पसरलें. संकरित पीक जोमदार व एकसारखें येतें, हें खरें. परंतु त्याचें बी राखून पुन्हा पेरल्यास कांहीं झाडें उंच, कांहीं ठेंगणीं. कांहीं आधीं फुलतात, कांहीं मागाहून. आणि कांहींस तर परागच येत नाहीं. तेव्हां तेथें बी राखण्याची रीत मोडली ती शेतकऱ्याच्या आळसानें नव्हे, बियाण्याच्या स्वभावानें. पुढें पक्ष्यांचा उपद्रव, रोग, परदेशचें स्वस्त तेल आणि सोयाबीनची चढाओढ यांमुळें तें पीकच मागें पडलें. १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत देशांत पंचवीस लाख हेक्टरांच्या आसपास गेलेलें त्याचें क्षेत्र आतां थोड्या लाखांवर आलें आहे. आणि २०२२ मध्यें युक्रेनांत युद्ध पेटतांच आमच्या स्वयंपाकघरांतील तेलाचा भाव चढला.

भाताचा स्वभाव निराळा

आतां आपल्या भाताकडे वळूं. भाताचें फूल थोडाच वेळ उघडतें व बहुधा स्वतःच्याच परागानें दाणा धरतें. त्याच्या बियाण्याच्या शेताभोंवतीं ३ मीटर अंतर सोडलें तरी पुरतें. अर्थात जया, कर्जत-३ यांसारख्या साध्या जातींचें बी नीट निवडून घेतल्यास दोन-तीन वर्षें घरचेंच चालतें. त्यानंतर एकदां मूळ शुद्ध बी आणावें. मात्र कर्जतच्या संशोधन केंद्रानें १९९८ मध्यें प्रसारित केलेली सह्याद्री ही जात संकरित आहे. तिचें बी राखूं नये; तेथें सूर्यफुलाचाच न्याय लागू होतो. तेव्हां पिशवीवर ‘संकरित’ हा शब्द आहे कीं नाहीं, हें प्रथम वाचावें.

असें असतां आमच्या पाहण्यांतील कित्येक घरीं साध्या जातीचेंही बी दर वर्षीं विकत आणण्याची चाल पडली आहे. घाटावरील शेतकऱ्यास जें निरुपायानें करावें लागलें, तें आम्ही कारणाशिवाय करीत आहों. यांत पैसा जातो तो जातोच. पण खाडीकांठच्या खार जमिनींत खारें पाणी सोसणाऱ्या काळा राता, भुरा राता यांसारख्या जुन्या जाती प्रत्येक दुकानांत मिळत नाहींत. ज्याच्या कणगींतून असें बी गेलें, त्यास तें पुन्हा मिळेलच असें नाहीं.

कायदाही आमच्या बाजूस आहे. २००१ च्या वनस्पति-वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यान्वयें शेतकऱ्यास आपल्या शेतांतील बी राखण्याचा, पेरण्याचा, बदलून देण्याचा व विकण्याचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचें बी छापाच्या नांवानें विकतां येत नाहीं.

आमची चूक

बी राखणें म्हणजे भात शिल्लक ठेवणें नव्हे, हें आम्ही नुकसान सोसून शिकलों. एके वर्षीं कापणीच्या वेळीं पाऊस लांबला. आम्हीं भात अर्धवट वाळवून प्लास्टिकच्या पोत्यांत भरलें आणि पोतीं ओल्या भिंतीस टेकून ठेविलीं. मृगांत राबावर पेरलें तें दहांत चार दाणे उगवलें. दुसरें बी मिळवून पेरीपर्यंत पंधरा दिवस गेले, लावणी मागें पडली व पीक निम्म्यावर आलें. शेजारच्या काकूंनीं आपल्या कणगींतून दोन पायल्या बी देतांना एवढेंच म्हटलें, “भाऊसाहेब, खायचें भात वेगळें नि पेरायचें वेगळें.” त्या वाक्यांत सर्व शास्त्र आलें.

बी राखण्याची रीत

१. उभ्या पिकांतच बियाण्याचा तुकडा ठरवावा. बांधाकडील ओळी सोडून मधला भाग घ्यावा. फुलोऱ्यांत एकदां व कापणीपूर्वीं एकदां फिरून निराळ्या उंचीचीं, निराळ्या लोंबीचीं व रोगट रोपें उपटावीं.

२. या तुकड्याची कापणी व झोडणी स्वतंत्र करावी. खळें झाडून घ्यावें. भेसळ बहुधा खळ्यांतच होते.

३. दाणा दांताखालीं कट्‌कन तुटेपर्यंत वाळवावा. बियाण्यांत ओल शेंकडा १३ हून अधिक नसावी. आमच्याकडे वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस व खाडीची दमट हवा; म्हणून शिमग्यानंतर पुन्हा एकदां ऊन द्यावें.

४. सारवून सुकविलेल्या कणगींत निर्गुडीचा वाळलेला पाला घालून, जमीन व भिंत यांपासून दूर, फळीवर ठेवावें. जातीचें नांव व वर्ष चिठ्ठीवर लिहावें.

५. वैशाखांत शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावे व आठव्या दिवशीं मोजावे. ऐंशीं उगवले तर बी उत्तम. त्याहून फार कमी असल्यास दुसरें शोधण्यास अजून वेळ असतो.

६. पेरणीपूर्वीं १० लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बी टाकावें. तरंगणारे पोंचट दाणे काढून टाकावे. तळाचें बी दोन-तीनदां स्वच्छ पाण्यानें धुवून सावलींत वाळवावें.

एकरास जातीप्रमाणें १५ ते २० किलो बी लागतें. एवढ्यासाठीं दोन-चार गुंठ्यांवर लक्ष ठेवणें कोणासही जड नाहीं. सारांश, जें बी राखतां येत नाहीं तें खुशाल विकत घ्यावें व पावती जपून ठेवावी. परंतु जें राखतां येतें तें दुसऱ्याच्या हातीं देऊं नये. येत्या कापणीस प्रत्येकानें एक तुकडा बियाण्याकरितां बाजूस काढावा, एवढीच आमची विनंती आहे.