बाळ एकाच बाजूला पिते तेव्हा

बाळंतीण घरी आली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुष्कळ घरांतून एक तक्रार ऐकू येते. बाळ एका बाजूला छान पिते. दुसऱ्या बाजूला घेतले की तोंड फिरवते, पाठ ताठ करते, रडून लालबुंद होते. मग घरातली जाणती बाई सांगते, ‘त्या अंगाचं दूध कडू आहे गं, नको पाजूस.’ कुणी म्हणते नजर लागली. मीठ-मोहऱ्या उतरवून होतात, बाळ काही पीत नाही, आणि संध्याकाळपर्यंत मेडिकलमधून पावडरचा डबा आणि बाटली घरात येते.

एकाच आईचे दूध एका बाजूला गोड आणि दुसऱ्या बाजूला कडू होत नाही. स्तनाला सूज आली तर त्या बाजूचे दूध काही दिवस थोडे खारट लागते, एवढे मात्र खरे. त्याबद्दल पुढे सांगू. बाळ एक बाजू नाकारते त्याला कारण असते आणि बहुतेक वेळा ते घरच्या घरी सापडते. ते सापडेपर्यंत बाळाचे पोट भरले पाहिजे आणि नाकारलेल्या बाजूचे दूध आटता कामा नये. ही दोन कामे आधी, बाकी सगळे नंतर.

प्रथम आईकडे पाहू. दोन्ही स्तन सारखे नसतात. एका बाजूचे स्तनाग्र बसके किंवा आत ओढलेले असू शकते. दूध उतरते त्या दिवसांत, म्हणजे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास, छाती दगडासारखी होते आणि जे स्तनाग्र आधीच बसके असते ते पार सपाट होते. बाळाला धरायला काही सापडतच नाही. ते चाटते, घसरते आणि चिडते. कुठे एका बाजूला पान्हा इतक्या जोरात फुटतो की बाळाला ठसका लागतो. कुठे पान्हा यायला वेळ लागतो आणि बाळाला तेवढा धीर नसतो. सिझेरियन झालेल्या आईच्या एका हाताला सलाईनची सुई असते, तो हात सुजलेला असतो. त्या बाजूला बाळ नीट धरताच येत नाही, मग दोन दिवसांत बाळाला दुसऱ्या बाजूचीच सवय लागते.

आपल्या घरांचेही एक कारण आहे आणि ते पुस्तकात कमी सापडते. दहा बाय बाराच्या खोलीत बाळंतिणीची जागा भिंतीकडेला असते. बाळ भिंतीच्या बाजूला, म्हणजे सुरक्षित. आणि खोलीत सासरे-दीर असतात म्हणून आई भिंतीकडे तोंड करून, पदर ओढून, रात्रभर एकाच कुशीवर पाजते. बाळाची मानही मग एकाच बाजूला वळलेली राहते. यात कुणाचा दोष नाही. पण अंथरुणाची डोक्याची बाजू एक दिवसाआड बदलली, उशी पायाकडे आणि पाय उशीकडे केले, तर भिंत तीच राहते आणि कूस बदलते. आणि खोलीत एक पडदा लावणे हे घरातल्या पुरुषांचे काम आहे. बाळंतिणीने मागायची वाट पाहू नये.

आता बाळाकडे पाहू. नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे मांडीवर आडवे घेऊन, डाव्या स्तनाला पाजताना बाळाची उजवी कूस खाली असते. उजव्या स्तनाला घेतले की डावी कूस खाली जाते. एवढे ध्यानात ठेवले की अर्धा उलगडा होतो. बाळाच्या ज्या बाजूला दुखते ती बाजू खाली दाबली गेली की ते रडते, आणि आपल्याला वाटते त्याला स्तन नको आहे. बीसीजीची लस डाव्या दंडावर देतात. काही आठवड्यांनी तिथे पुळी येते, कधी फुटून खपली धरते. हे अपेक्षितच असते, तिथे हळद किंवा मलम काही लावू नये. पण तो दंड दाबला गेला तर बाळ उजव्या बाजूला पिताना कुरकुर करू शकते. अवघड बाळंतपणात गळ्याजवळचे, खांद्याकडे जाणारे हाड मोडले असेल, ओढून बाळंतपण केल्याने डोक्यावर एका बाजूला टेंगूळ असेल, तरी तसेच होते. ते हाड लहान बाळात दोन-तीन आठवड्यांत आपोआप जुळते. मात्र डॉक्टरांना दाखवावे लागते आणि तो हात मालिशमध्ये ओढायचा नसतो.

काही बाळांची मान एका बाजूला आखडलेली असते. डोके एकीकडे कललेले, हनुवटी दुसरीकडे वळलेली आणि कधी मानेच्या स्नायूत वाटाण्याएवढी किंवा त्याहून मोठी गाठ हाताला लागते. असे बाळ एका बाजूला मान वळवूच शकत नाही. हा प्रकार सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागात शिकवलेल्या हलक्या व्यायामाने बहुधा बरा होतो, लवकर दाखवले तर अधिकच लवकर. न्हाऊ घालणाऱ्या बाईने मान मुरगळून ‘बसवणे’ धोक्याचे आहे. त्या बायांचा हात अनुभवी असतो, बाळंतिणीला त्यांचा आधारही मोठा असतो, हे आम्ही नाकारत नाही. पण मान ओढणे, नाकाकानात तेल घालणे आणि बाळाची छाती पिळून ‘दूध’ काढणे, या गोष्टी थांबल्याच पाहिजेत. चोंदलेले नाक किंवा दुखरा कान यांमुळेही बाळ एका कुशीवर पिणे सोडते.

कारण शोधता शोधता करायचे काय? सर्वांत सोपा उपाय बाळाला फसवण्याचा आहे. आवडत्या बाजूला पाजायला सुरुवात करावी. पान्हा फुटला, बाळ रंगात आले की त्याला न उलटवता, त्याच कुशीवर तसेच सरकवत दुसऱ्या स्तनाकडे न्यावे. बाळाला कूस बदललेली कळत नाही. उजव्या स्तनापासून डाव्याकडे नेतानाही असेच.

दुसरी रीत काखेतली. भिंतीला टेकून बसावे, कुशीजवळ घडी केलेली वाकळ किंवा दोन उशा ठेवाव्यात. बाळाचे धड काखेखाली, पाय आपल्या पाठीकडे, मान आपल्या तळहातावर. सिझेरियनच्या टाक्यांवर भार येत नाही म्हणूनही ही रीत चांगली. हात मानेखाली आणि खांद्यांखाली असावा. डोक्यामागून स्तनाकडे ढकलले की बाळ उलट मागे रेटते. हा त्याचा हट्ट नव्हे, डोके दाबल्यावर कुणीही तसेच करील.

बाळाचे नाक स्तनाग्रासमोर आणावे, ओठाला स्तनाग्र लावून थांबावे, आणि तोंड जांभई दिल्यासारखे मोठे उघडले की बाळाला स्तनाकडे आणावे. आपण वाकून स्तन बाळाकडे नेऊ नये, पाठ मोडते आणि पकडही उथळ होते. नीट पकड बसली तर हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त, खाली कमी दिसतो. गिळण्याचा आवाज येतो. आईला सतत दुखत असेल तर पकड चुकली; करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून सोडवावे आणि पुन्हा लावावे.

छाती दाटली असेल तर आधी थोडे दूध हाताने काढावे. बोटांची टोके स्तनाग्राच्या भोवती ठेवून छातीच्या दिशेने मिनिटभर हलकेच दाबून धरावे. सूज मागे सरते, काळा भाग मऊ होतो आणि बाळाला पकड मिळते. आत ओढलेल्या स्तनाग्रासाठी नवी सिरिंज पुढच्या बाजूने कापून, दट्ट्या कापलेल्या बाजूने घालून, गुळगुळीत तोंड स्तनावर लावून हलके ओढण्याची एक पद्धत आहे. ती नर्सताईंकडून समोर करून घ्यावी, वाचून करू नये.

बाळ उपाशी ठेवले म्हणजे नाकारलेली बाजू घेईल, हा हिशेब चुकीचा आहे. भुकेने कासावीस बाळ नवीन काही शिकत नाही. पेंगुळलेले असताना, अर्धवट झोपेत, दिवा मालवून प्रयत्न करावा. पाच मिनिटे झाली आणि रडू वाढले की थांबावे. उघड्या छातीवर नुसते निजवावे. तेही कामाचे असते.

आणि या सर्व दिवसांत नाकारलेल्या बाजूचे दूध हाताने काढत राहावे. दूध बनण्याचा नियम असा की स्तन रिकामा होतो तसे नवे बनते; दूध साचून राहिले की त्या स्तनाला ‘पुरे’ असा निरोप जातो आणि तो आटू लागतो. दोन्ही स्तनांचा कारभार यात वेगळा असतो, म्हणूनच एक बाजू आटते आणि दुसरी भरभरून येते. दर दोन-तीन तासांनी, रात्रीही एकदा, काढावे. हात साबणाने धुऊन अंगठा वर आणि बोटे खाली, काळ्या भागाच्या कडेवर ठेवायची. आधी छातीकडे दाबायचे, मग दोन्हीकडून चेपायचे, सोडायचे. कातडीवरून बोटे घासायची नाहीत. पहिल्या दिवसांत चिकाचे थेंबच येतात, तेही चमच्यात धरून बाळाला द्यावेत. दूध उकळलेल्या वाटीत झाकून ठेवले तर खोलीत 4 तास आणि फ्रिजमध्ये 24 तास राहते. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात 4 तासांची वाट पाहू नये. ते तापवायचे नाही. वाटी गरम पाण्यात ठेवली की पुरते. पाजायचे वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. बाटलीतून दूध न ओढता येते, त्याची चटक लागली की बाळ दुसरी बाजूही सोडते, आणि वस्तीतल्या पाण्याने बाटली नीट स्वच्छ ठेवणे किती कठीण आहे हे सर्वांना ठाऊक आहे.

पावडरच्या डब्याची शिफारस कुणी केली तर एक गोष्ट माहीत असू द्या. बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटलीची जाहिरात करणे, नमुने फुकट वाटणे, हे 1992 च्या कायद्याने बंद आहे. डॉक्टरांनी तपासून, वजन करून पावडर सांगितली तर गोष्ट वेगळी. साखरपाणी, घुटी मात्र सहा महिन्यांपर्यंत कशासाठीच नको, आणि मध तर वर्षाचे होईपर्यंत नको. मधाने तान्ह्या बाळाला जिवावरचे आजारपण येऊ शकते.

एका स्तनावर लाल, गरम पट्टा आला, दुखून ताप भरला, तर ती सूज आहे. या वेळी दूध खारट लागते ते यामुळेच. अशा वेळी पाजणे बंद करण्याची चाल जुनी आहे, पण त्याने दूध साकळून गळू होण्याचा धोका वाढतो. त्या बाजूने पाजत राहावे, किंवा काढत राहावे, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. औषधे पाजणाऱ्या आईला चालतील अशी मिळतात. महिनोन् महिने दोन्हीकडे पिणाऱ्या बाळाने अचानक एक बाजू कायमची सोडली आणि त्या स्तनात न जाणारी गाठ लागते आहे, असे असेल तर ती गाठ तपासून घ्यावी. बहुधा काही निघत नाही, पण तपासणी टाळू नये.

बाळाला पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान 6 वेळा शू झाली पाहिजे. पहिल्या दिवसांत वजन थोडे उतरते. 2800 ग्रॅमचे बाळ 2520 च्या खाली गेले तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. दोन आठवड्यांत जन्माचे वजन भरून यावे. आशाताई दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. त्यांच्याकडे वजनकाटा असतो, वजन मागून घ्यावे आणि त्यांच्यासमोर एकदा पाजून दाखवावे. लाजू नये.

बाळ दोन्ही बाजूंना ओढेनासे झाले, उठवूनही उठत नाही, अंग गार किंवा तापलेले आहे, श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त आहे, छाती आत ओढली जाते आहे, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत गेला आहे, तर ही बाजू ती बाजू करत बसू नये. 108 ला फोन करावा. आजारी तान्ह्या बाळाला सरकारी रुग्णालयात मोफत उपचार मिळतात. वाटेत बाळ आईच्या छातीशी, पदराखाली, उघड्या अंगाला लावून न्यावे.

सगळे करूनही काही बाळे एका बाजूला कधीच पीत नाहीत. तेवढ्याने आई कमी पडत नाही. जुळ्यांच्या आया दोन बाळांना दोन स्तनांवर वाढवतात, म्हणजे एका बाळाला एक पुरतो. बाळ मागेल तेव्हा, दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा, त्या एकाच बाजूला पाजावे आणि वजनावर लक्ष ठेवावे. दुसऱ्या बाजूचे दूध मग हळूहळू, दुखेल तेवढेच काढत, आटू द्यावे, एकदम बंद करू नये. काही महिने एक स्तन मोठा आणि एक लहान दिसतो. पोलक्याच्या एका बाजूला रुमालाची घडी ठेवली की बाहेर कुणाला कळत नाही, आणि बाळाचे पिणे सुटल्यावर हा फरक बहुतेकींचा पुष्कळसा भरून येतो.