जुन्या गाडीचा नवा आवाज

तुमच्या नात्यात किंवा शेजारी कोणाकडे जुनी मोटारगाडी आहे का? मारुती ८०० चे उदाहरण घ्या. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरीही आपल्या गावांत आणि शहरांत अशा गाड्या आजही दिसतात. इंजिनाची काळजी घेतली, तर ते वर्षानुवर्षे साथ देते. गाडीतले स्पीकर मात्र लवकर म्हातारे होतात. गाणे लावले की घरघर ऐकू येते. बातम्या लावल्या, तर निवेदक नाकातून बोलतो असे वाटते.

समजा, अशी एक गाडी तुमच्या मामूंची आहे. नव्या स्पीकरसाठी त्यांनी थोडे पैसे बाजूला ठेवले आहेत. ते तुम्हांला म्हणतात, "तुला शाळेत वीज शिकवतात ना? मग सांग, कोणता स्पीकर घेऊ?"

लगेच दुकानात जाऊ नका. आधी हे पाहा, की दोष खरोखर स्पीकरचाच आहे का.

स्पीकरची रचना सोपी आहे. मागे एक चुंबक असते. चुंबकाच्या फटीत तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. त्याला कारागीर 'कॉइल' म्हणतात. कॉइलला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. टेपमधून येणारी वीज कॉइलमधून वाहू लागली, की कॉइल चुंबकाच्या जोराने पुढेमागे हलते. तिच्याबरोबर पडदा हलतो, पडद्याने हवा हलते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये या जातीच्या स्पीकरला व्यवहारात उपयोगी पडेल असे रूप दिले. आजही बहुतेक गाड्यांतले स्पीकर याच तत्त्वावर चालतात. जाता जाता एक गंमत पाहा. आवाज, पडदा, कागद हे तिन्ही शब्द मराठीत फारसीतून आले आणि तुमच्या उर्दूतही ते आहेत. स्पीकर समजून घ्यायला तुम्हांला नवे शब्द फारसे शिकावे लागणार नाहीत.

आता तपासणी करू. टेपवर 'बॅलन्स' नावाचे बटण असते. ते एकदा पूर्ण डावीकडे फिरवा, एकदा पूर्ण उजवीकडे. घरघर एकाच बाजूला येत असेल, तर टेप बंद करून मागच्या डाव्या आणि उजव्या तारांची अदलाबदल करा. घरघर दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टेपचा आहे आणि स्पीकर बदलून काही उपयोग होणार नाही. घरघर जागीच राहिली, तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या तारेचा आहे. मग स्पीकर बाहेर काढा आणि दोन्ही हातांची बोटे पडद्यावर सारखी टेकवून तो हलकेच आत दाबा. खरखर जाणवली, तर कॉइल चुंबकाला घासते आहे. पडद्याच्या कडेला फोमची मऊ पट्टी असते, तीही नीट पाहा. दहा-पंधरा वर्षांत ही पट्टी सुकते आणि बोट लावताच तिचा भुगा होतो. पुष्कळ वेळा बिघाड एवढाच असतो. पडदा आणि कॉइल चांगली असेल, तर शहरातला स्पीकर दुरुस्त करणारा कारागीर नवी पट्टी चिकटवून देतो. ते काम पुष्कळदा नव्या स्पीकरपेक्षा स्वस्तात होते. मामूंना हे आधी सांगा. दुकानदार सांगेलच असे नाही.

स्पीकर बदलावाच लागणार असेल, तर आता पट्टी आणि कागद घ्या. दुकानात 'चार इंची', 'साडेसहा इंची', 'सहा बाय नऊ' अशी मापे सांगतात. त्या नावांवर विसंबू नका. साडेसहा इंची म्हणून विकलेल्या दोन स्पीकरांचे सांगाडे सारखेच असतील असे नाही. तुम्ही स्वतः तीन मापे घ्या : दाराच्या पत्र्यातल्या भोकाचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधले अंतर आणि आतली खोली. खोली मोजताना एक गोष्ट लोक हमखास विसरतात. दाराची काच वर असताना आत भरपूर जागा दिसते. काच खाली केली, की ती त्याच जागेत येते. म्हणून काच पूर्ण खाली करून मगच माप घ्या. मी स्वतः एकदा काच वर असताना खोली मोजली होती. जाड चुंबकाचे स्पीकर आणले, मोठ्या हौसेने बसवले आणि संध्याकाळी काच खाली करायला गेलो, तर ती अर्ध्यावर चुंबकाला अडली. दुकानदाराने वापरलेला माल परत घेतला नाही. त्यात त्याची चूक नव्हती.

यानंतर खोक्यावरचे आकडे वाचायचे. सर्वांत मोठा आकडा वॅटचा असतो आणि तोच सर्वांत जास्त फसवतो. खोक्यावर '३०० वॅट' असे ठळक छापलेले असते. पण स्पीकर वॅट देत नाही, तो वॅट घेतो. ३०० हा आकडा त्याने क्षणभर किती सोसावे याचा असतो. मोठी बादली आणली म्हणून नळाला जास्त पाणी येत नाही. मग नळाला पाणी किती आहे? हे गणित तुम्हांला जमेल. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४ व्होल्ट दाब असतो. आजच्या सामान्य टेपमधून स्पीकरला जाणारी वीज सतत दिशा बदलते आणि तिचा दाब जास्तीत जास्त १४ व्होल्टपर्यंत चढतो. अशा विजेचा परिणामी दाब १४ भागिले १.४१, म्हणजे सुमारे १० व्होल्ट असतो. गाडीच्या स्पीकरचा रोध साधारणपणे ४ ओहम असतो. शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रोध. १० चा वर्ग १००, त्याला ४ ने भागले की उत्तर २५ वॅट येते. यातलाही काही भाग वाटेत उष्णता होऊन जातो. म्हणून प्रत्यक्षात स्पीकरला स्वच्छ आवाजाचे १५ ते २० वॅट मिळाले, तरी पुष्कळ झाले. जुन्या साध्या कॅसेट टेपमध्ये यातला निम्माच दाब वापरता येत असे. दाब निम्मा झाला, की शक्ती चौथाई होते. म्हणजे जेमतेम ६ वॅट! वेगळा ॲम्प्लिफायर बसवायचा नसेल, तर ३०० वॅटचा स्पीकर मामूंच्या काही कामाचा नाही. खोक्यावर लहान अक्षरांत 'आर.एम.एस.' असा आकडा शोधा. तो ३० ते ५० च्या आसपास असला, तर आपले काम भागते.

खरा कामाचा आकडा वेगळाच असतो आणि तो कोपऱ्यात छापलेला असतो. त्याला 'सेन्सिटिव्हिटी' म्हणतात. एक वॅट वीज दिली, तर एक मीटर अंतरावर किती मोठा आवाज ऐकू येतो, हे तो सांगतो. हा आकडा डेसिबलमध्ये असतो. डेसिबलचा हिशोब थोडा विचित्र आहे. दर ३ डेसिबलला शक्तीची गरज निम्मी होते. एक स्पीकर ८६ डेसिबलचा आणि दुसरा ९२ डेसिबलचा असेल, तर फरक ६ डेसिबलचा आहे. म्हणजे जेवढ्या आवाजासाठी पहिल्याला ६० वॅट लागतील, तेवढ्यासाठी दुसऱ्याला १५ वॅट पुरतील. जुना टेप ठेवून फक्त स्पीकर बदलायचे असतील, तर ९० डेसिबलच्या वरचाच स्पीकर निवडा. ओहमचा आकडाही तपासा. घरच्या जुन्या खोक्यातला ८ ओहमचा स्पीकर गाडीत बसवला, तर तो बिघडणार नाही, पण त्याला निम्मीच शक्ती मिळेल. याउलट एकाच तारेवर ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, तर एकूण रोध २ ओहम होतो आणि टेप तापून जळू शकतो.

आता बसवण्याचे काम. ते मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करा. सर्वांत आधी बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडवा. मग दाराचा पॅड काढायचा. अनेक जुन्या गाड्यांत काचेच्या हँडलमागे घोड्याच्या नालेसारखी एक छोटी क्लिप असते. तिच्यासाठी खास हत्यार मिळते, पण जुन्या फडक्यानेही भागते. फडके हँडलमागे घालून करवतीसारखे पुढेमागे ओढले, की क्लिप निसटते. ती उडून कुठे पडते, तिकडे मात्र लक्ष ठेवा.

पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा एक कागद चिकटवलेला दिसेल. तो कचरा समजून फाडू नका. पावसाळ्यात काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या आत उतरते आणि खालच्या भोकांतून बाहेर जाते. हा कागद ते पाणी गाडीच्या आत येऊ देत नाही. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल, तर याचे महत्त्व सांगायला नको. स्पीकरपुरताच तो कापा आणि बाकीचा पुन्हा नीट चिकटवा. दाराच्या तळाची भोके मातीने बुजली असतील, तर तीही साफ करा.

तारांच्या बाबतीत जुनी गाडी एक मोठा धोका लपवून ठेवते. पूर्वी तार वाचवण्यासाठी स्पीकरला अनेकदा एकच तार नेत आणि त्याचे दुसरे टोक गाडीच्या पत्र्याला जोडून देत. जुन्या टेपला ते चालत असे. आजच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांत वीज खेळते. त्यातली एक तार पत्र्याला लागली, तर टेपच्या आतला ॲम्प्लिफायर जळू शकतो. म्हणून मामूंच्या गाडीत नवा टेप असेल, तर प्रत्येक स्पीकरला टेपपासून दोन स्वतंत्र तारा न्या. दाराच्या बिजागरीपाशी तार पत्र्याच्या धारेला घासते. तेथे ती रबराच्या नळीतूनच नेली पाहिजे. जोड नुसता पिळून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावू नका, उन्हात ती सुटते. जोड सोल्डर करा आणि त्यावर विजेच्या कामाची टेप गुंडाळा. फ्यूज उडाला, तर त्याच मापाचा दुसरा घाला. त्याच्या जागी तारेचा तुकडा घालणारे लोक तुम्ही पाहिले असतील. तार फ्यूजसारखी वितळत नाही, ती तापत राहते आणि गाडीला आग लागू शकते.

स्पीकर बसवताना त्याच्या कडेखाली फोमची पट्टी लावा, कोठेही फट ठेवू नका. याचे कारण ऐकण्यासारखे आहे. पडदा पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. दोन्ही बाजूंची हवा फटीतून एकमेकींना भेटली, की जाड आवाज, म्हणजे ढोलकी-तबल्याचा ठेका, तेथेच विरून जातो. नवा स्पीकर हातात धरून वाजवला, की तो पिचका वाटतो तो यामुळेच. तोच स्पीकर दारात घट्ट बसवा आणि ऐका.

दोन्ही स्पीकरांची दिशाही एक असली पाहिजे. एक पडदा पुढे येत असताना दुसरा मागे जात असेल, तर ठेका पुन्हा हरवतो. हे ओळखायला दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. तारा टेपला जोडण्यापूर्वी सेलच्या दोन टोकांना त्या क्षणभर टेकवा. 'खट्' असा आवाज होईल आणि पडदा पुढे किंवा मागे सरकेल. पुढे सरकला, तर सेलच्या धन टोकाला लावलेली तार ही स्पीकरची धन तार. तिच्यावर खूण करा. दोन्ही दारांत असेच करा.

मागच्या काचेखालच्या फळीवर स्पीकरची सुटी खोकी ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. मामूंना ती ठेवू देऊ नका. गाडीने अचानक ब्रेक मारला, तर दोन-तीन किलोचे खोके मागच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर येते.

पॅड लावण्याआधी बॅटरी जोडा आणि टेप हळू आवाजात सुरू करा. काच एकदा पूर्ण खाली आणि पूर्ण वर करून पाहा. मग गाण्याऐवजी आधी बातम्या लावा. माणसाचा आवाज आपल्या कानांच्या ओळखीचा असतो, त्यात दोष चटकन कळतो. निवेदक समोर बसून बोलतो आहे असे वाटले, तर पॅडचे स्क्रू आवळा. आणि पहिला मोठा पाऊस झाला, की मामूंच्या गाडीत पायाखालची चटई हाताने चाचपून पाहा.