मद्रासहून सापडलेला सिल्व्हिया

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान लाखो लघुग्रह सूर्याभोवती फिरत असतात. त्यांपैकी ८७ क्रमांकाचा सिल्व्हिया हा भारतातून शोधला गेला, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल.

१६ मे १८६६ रोजी मद्रास वेधशाळेचे सरकारी खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन पॉगसन यांना तो सापडला. छायाचित्रांवरून लघुग्रह शोधण्याची पद्धत तेव्हा नव्हती. निरीक्षक ताऱ्यांचा नकाशा जवळ ठेवून दुर्बिणीतून आकाशाचा तोच भाग पाहत असे. नकाशात नसलेला ठिपका दिसला, की पुन्हा वेध घ्यायचा. ठिपका सरकला असेल, तर तो तारा नव्हे! नकाशावाचनाच्या तासाला आपण नकाशा आणि जमीन ताडून पाहतो, तसेच हे काम आहे.

सिल्व्हिया पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला आहे. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला सुमारे साडेसहा वर्षे लागतात, पण स्वतःभोवती तो ५ तास ११ मिनिटांतच फिरतो. त्याचा सरासरी व्यास सुमारे २७० किलोमीटर, म्हणजे चेन्नई ते बंगळुरू या सरळ अंतरापेक्षा थोडा कमी. आकार लांबट आणि पृष्ठभाग अतिशय काळपट आहे.

एवढ्या दूरच्या दगडाचे वजन कसे करायचे? मला सर्वांत आवडलेला भाग हाच. २००१ मध्ये हवाई बेटावरील केक दुर्बिणीतून सिल्व्हियाभोवती फिरणारा एक उपग्रह दिसला. चिलीतील मोठ्या दुर्बिणीने २००४ मध्ये घेतलेल्या वेधांत दुसराही सापडला. रोमन कथेत रिया सिल्व्हिया ही रोम्युलस आणि रीमस या जुळ्यांची आई, म्हणून उपग्रहांना तीच नावे मिळाली. दोन उपग्रह असलेला हा पहिला ज्ञात लघुग्रह ठरला.

रोम्युलस सुमारे १,३५० किलोमीटर अंतरावरून ३.६५ दिवसांत एक फेरी मारतो. अंतर आणि काळ कळला, की न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमावरून मधल्या वस्तूचे वस्तुमान काढता येते. मी वहीत गणित मांडले, तेव्हा उत्तर आले १५ वर १८ शून्ये, इतके किलोग्रॅम! त्याला आकारमानाने भागले, की घनता येते पाण्याच्या जेमतेम १.४ पट. ग्रॅनाइटची घनता मात्र पाण्याच्या सुमारे २.७ पट असते. याचा अर्थ सिल्व्हिया एकसंध खडक नाही. जुन्या टकरीत फुटलेले तुकडे गुरुत्वाकर्षणाने पुन्हा एकत्र येऊन बनलेला तो सच्छिद्र ढिगारा असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. उपग्रहही त्याच टकरीचे अवशेष असावेत.

पॉगसन यांना दिसला होता तो फक्त एक ठिपका. पण त्यांनी त्याची जागा नेमकी नोंदवली, म्हणून पुढच्यांना त्याची कक्षा काढता आली आणि १३५ वर्षांनंतर दुर्बीण कुठे रोखायची हे ठाऊक होते. भौतिकशास्त्राच्या तासाला निरीक्षणवही व्यवस्थित लिहा, असे सर का सांगतात, ते यावरून कळते.