धुण्याच्या मशीनचा ड्रायर फिरत नाही तेव्हा



ऊस विकास विभागाच्या पानावर लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया सोडून धुण्याच्या मशीनचा पाठ कशाला, असे कोणी म्हणेल. पण नोंदीसाठी आम्ही वस्त्यांवर फिरतो, तेव्हा उसाचे बोलणे संपले की घरातल्या माउल्या हमखास विचारतात, "साहेब, मशीन धुतंय पण पिळत नाही, काय झालं असंल?" काही घरी तर चांगले मशीन पडवीत उभे करून त्यावर गाठोडी ठेवलेली दिसतात. दोष बहुधा किरकोळ असतो. म्हणून हा विषय घेतला.

आपल्याकडे जास्त करून दोन भागांचे सेमी मशीन असते. एका बाजूला धुण्याचा टब आणि दुसऱ्या बाजूला कपडे पिळणारी जाळीदार टोपली, म्हणजे आपण ज्याला ड्रायर म्हणतो तो. आपल्या कारखान्यातले सेंट्रिफ्युगल ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. तिथे टोपली गरगर फिरते, मळी जाळीतून बाहेर फेकली जाते आणि साखरेचा दाणा आत राहतो. इथे मळीच्या जागी पाणी आणि दाण्याच्या जागी कपडे, एवढाच फरक. ड्रायरची मोटर मिनिटाला साधारण १३०० ते १४०० फेरे घेते. या वेगात एका बाजूला शंभर ग्रॅम ओझे जास्त झाले तरी टोपलीला वीस किलोहून अधिक ओढ बसते. सेंट्रिफ्युगलमध्ये माल एका अंगाला पडला की टोपली कशी थडथडते, तेच इथे होते. त्यामुळे जाड चादर एकीकडे कोंबू नये. कपडे गोलाकार दाबून बसवावेत आणि वरची प्लॅस्टिकची चकती न विसरता ठेवावी. ही चकती बऱ्याच घरांत पहिल्या महिन्यातच हरवते! मग एखादा हातरुमाल उडून टोपली आणि बाहेरचे भांडे यांच्या फटीत जातो, खाली दांड्याला गुंडाळतो आणि टोपली अडकते.

आता फिरतच नसेल तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी कान द्यावा. झाकण नीट लावून टायमर फिरवा आणि ऐका. आवाज अजिबात नाही, नुसती घूं घूं, किंवा मोटर फिरल्याचा नेहमीसारखा आवाज आहे पण टोपली जागची हलत नाही, या तिन्हींचे अर्थ निरनिराळे आहेत.

आवाजच नसेल तर वीज मोटरपर्यंत पोचलेली नाही. धुण्याची बाजू चालू करून पहा. ती चालत असेल तर प्लग आणि घरातली लाईट ठीक आहे. दोष ड्रायरच्या टायमरमध्ये, झाकणाखालच्या स्विचमध्ये किंवा वायरीत आहे. आपल्या भागात उंदीर खालून शिरून वायर कुरतडतात, स्विचच्या पत्र्यात मुंग्या बसतात. मशीनला खालची जाळी आहे की नाही हे एकदा वाकून बघावे.

घूं घूं करते पण फिरत नाही, म्हणजे वीज पोचली पण जोर पोचला नाही. ही तक्रार सर्वांत जास्त. सिंगल फेज पंप वापरणाऱ्याला हा आवाज ओळखीचा आहे. तिथे जसा कंडेन्सर जातो, तसाच इथेही जातो. मात्र कंडेन्सर बदलण्याआधी होल्टेज बघा. मळ्यातल्या वस्तीवर शेतीपंप एकदम सुरू झाले की होल्टेज पडते, आणि मोटरचा सुरुवातीचा जोर होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. २३० चे १६० झाले की जोर निम्म्याच्याही खाली येतो. दुपारी न फिरणारे मशीन पंप बंद असताना मुकाट्याने फिरत असेल, तर मेकॅनिकला बोलावून पैसे घालवू नका. बाहेरच्या भांड्यात पाणी तुंबले असले तरी टोपली जड होते. निचऱ्याची नळी खाली जमिनीवर पडलेली हवी. ती खुंटीला अडकवून ठेवली तर पाणी जाणार कुठून?

होल्टेज बरोबर, पाणी तुंबलेले नाही, कापड अडकलेले नाही, तर मग कंडेन्सर किंवा ब्रेक. झाकण उघडे असताना टोपली हाताला जड लागते. तो दोष नव्हे. झाकण उघडले की ब्रेक लागतो आणि लावले की सुटतो, अशी रचना आहे. ब्रेकची तार ढिली पडली किंवा गंजली तर झाकण लावूनही ब्रेक सुटत नाही आणि मोटर घुमत राहते. मागचा पत्रा काढून हे दिसते, पण प्लग काढल्याशिवाय पत्र्याला हात लावू नये. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असू शकते, त्यामुळे ते काम जाणत्या वायरमनचेच. नवा कंडेन्सर घेताना जुना बरोबर न्यावा. त्यावरचा एमएफडीचा आकडा तोच हवा, होल्टेजचा आकडा कमी नको. "मोठा टाका, जोरात फिरंल" या सल्ल्याने मोटरचे वाइंडिंग तापते.

मोटर फिरते पण टोपली नाही, तर दोन्हींना जोडणाऱ्या कपलिंगचे स्क्रू ढिले झालेले असतात. काम दहा मिनिटांचे.

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला ते सांगतो. झाकणाचा स्विच बिघडला की काही मेकॅनिक दोन वायरी जोडून तो 'डायरेक्ट' करून देतात. नवा स्विच मिळत नाही, चार पैसे वाचतात, मशीन लगेच फिरते आणि घरचेही खूश होतात. पण त्यानंतर झाकण उघडले तरी वीज तुटत नाही. फिरत्या टोपलीच्या कडेचा वेग तासाला सुमारे साठ किलोमीटर असतो. त्यात पोराने हात घातला, किंवा बाईमाणसाने फिरता कपडा ओढायला बघितला, तर ओले कापड मनगटाला वेढा घालते आणि हात आत खेचते. चरकात हात गेलेला माणूस आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक आहे, जास्त लिहीत नाही. शिवाय वीज चालू आणि ब्रेकही लागलेला, अशा ओढाताणीत मोटर जळते ती वेगळीच. तुमच्या घरी असे डायरेक्ट केलेले आहे का, हे आजच बघा. टोपली फिरत असताना झाकण थोडे उचला. वीज तुटून ब्रेक लागला पाहिजे आणि टोपली थोड्या वेळात थांबली पाहिजे. तसे झाले नाही तर स्विच आणि ब्रेक दुरुस्त होईपर्यंत ड्रायर वापरू नये, कपडे हाताने पिळावेत.

मशीन मोरीजवळच्या ओल्या फरशीवर असते, तेव्हा अर्थिंगही तपासून घ्या. तीन पिनांचा प्लग असून भिंतीतल्या बोर्डाला अर्थची वायरच नाही, अशी घरे पुष्कळ आहेत. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला उत्तम.

पूर्ण ऑटोमॅटिक मशीनवाल्यांनी आधी निचरा बघावा. पाणी पूर्ण गेल्याशिवाय ते मशीन पिळायला घेत नाही. समोरून दार असलेल्या मशीनला बहुधा खाली कोपऱ्यात फिल्टर असतो, त्यात नाणी, बटणे, सुतळीचे तुकडे निघतात. पाय समपातळीत नसले तरी ते कुरकुर करते.

शेवटी सीलविषयी. टोपलीच्या दांड्याला खाली रबरी सील असते. बोअरच्या क्षारी पाण्याने ते लवकर कडक होते, फाटते, आणि पाणी थेट खालच्या मोटरवर ठिबकते. मशीनखाली तांबूस डाग दिसू लागले, किंवा ड्रायर सुरू होताना खरखर आली, की त्याच आठवड्यात सील बदलून घ्यावे. थांबलात तर सीलबरोबर बेअरिंग आणि मोटर दोन्हींचे पैसे मोजावे लागतील.